आमची पेनं झोळीत जमा करणाऱ्या अक्का

प्रा. कौसल्या शिरसाठ यांची आणि माझी ओळख माझ्या शाईपेनामुळे झाली, आणि ती काही फार गौरवाची नव्हती.

ऐंशीचे दशक संपत आले होते. मी दोंडाईच्याहून जळगावला कायदा शिकायला आलो होतो. आमचे घराणे कापडवाल्यांचे. आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घराण्यात पहिला वकील होणार म्हणून वडिलांनी निघताना सोनेरी टोपणाचे पेन खिशाला लावून दिले होते. माझे अक्षर मोत्यासारखे होते आणि मला त्याचा माजही होता. पहिल्या तासाला मी पुढच्या बाकावर बसून मॅडमचा शब्दन् शब्द उतरवून घेत होतो. बोलता बोलता त्या माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"नाव काय तुमचं?"

"ललित."

"ललितभाऊ, आता मी खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत कोण उभं होतं?"

मी वहीत पाहिले. वहीत त्यांचे वाक्य होते, पण खिडकीतला माणूस नव्हता. वर्ग हसायला लागला. आमचे शिपाई नाना खिडकीत उभे राहून माझ्याकडे दयेने पाहत होते.

"असा साक्षीदार समोर आला तर आपण त्याची काय गत करू?" मॅडम म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता, हे आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने कबूल करून टाकतो.

या गौरवग्रंथासाठी आमची समिती धुळ्याला त्यांच्या घरी गेली, तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले, चहा दिला (त्यांच्या चहाविषयी मी या ग्रंथात काही लिहिणार नाही) आणि गप्प बसल्या. हो नाही की नाही नाही. बाहेर पडल्यावर एक सभासद म्हणाले, "म्हणजे अक्कांचा नकार दिसतो." मी म्हटले, थांबा. मॅडमच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने गप्प बसणाऱ्याविषयी इतक्या घाईने काही लिहू नये. असे मी का म्हणालो, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

'अक्का' हे नाव त्यांना आम्ही दिलेले नाही. ते मुलींच्या निरीक्षणगृहातून आले. लोक त्या जागेला रिमांड होम म्हणत. चोरीमारीशी काही संबंध नसलेली मुलेही अशा ठिकाणी असत, हे मला कायद्याचा विद्यार्थी असूनही ठाऊक नव्हते. स्टेशनवर, एस.टी. स्टँडवर, बाजारात एकटे सापडलेले मूल पोलीस तिथे आणून सोडत. खानदेशात कापूस वेचायला, केळीच्या बागांत राबायला सातपुड्यापलीकडून, निमाडातून टोळ्या येत. त्यांच्यातले एखादे पोर गर्दीत हात सुटून मागे राही. त्याची बोली इथे कोणाला कळत नसे, इथली त्याला कळत नसे. नोंदवहीत त्याच्यापुढे 'परप्रांतीय' असा शेरा पडे आणि मग महिने जात. चूक कोणाचीच नसे आणि मूल मात्र आत असे.

बाल न्यायाचा नवा कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता. मुलांची प्रकरणे बाल कल्याण मंडळापुढे चालत आणि तिथे वकिलालासुद्धा खास परवानगीशिवाय उभे राहता येत नसे. आम्ही तर वकीलही नव्हतो. अक्कांनी यातून वाट काढली. त्यांनी मंडळाकडून स्वतःसाठी परवानगी मिळवली आणि आम्हा चौघा-पाच विद्यार्थ्यांना 'माहिती गोळा करणारे मदतनीस' म्हणून सोबत घेतले. दर शनिवारी दुपारी आम्ही जाऊ लागलो.

फाटकाशी एक विधी असे. अक्का खांद्यावरची खादीची झोळी उघडून उभ्या राहत आणि आम्ही आपापली पेने त्यात टाकत. आत जाऊन मुलींसोबत जमिनीवर बसायचे, त्या खेळत असतील तर खेळायचे, त्या बोलतील ते ऐकायचे. लिहायचे ते परत फाटकाबाहेर आल्यावर, आठवून. मी एकदा कुरकुरलो तर म्हणाल्या, "ज्यानं ज्यानं या पोरींसमोर पेन काढलं, त्यानं त्यांना कुठंतरी पाठवलंय. पेन दिसलं की त्या आपल्याशी नाही, पेनाशी बोलतात." मला ते पटले नव्हते. लिहिले नाही तर काम केल्यासारखे वाटायचे नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी अक्का आल्या नाहीत. धुळ्याला त्यांचे वडील आजारी होते. फाटकावर झोळी नव्हती, तेव्हा पेन माझ्या खिशातच राहिले. त्याच दिवशी एक बाई आपली मुलगी मागायला आली होती.

मुलीला आम्ही ओळखत होतो. आठेक वर्षांची, हिरव्या घागऱ्यातली. चार आठवड्यांपूर्वी एस.टी. स्टँडवर सापडलेली. ती एक अक्षर बोलत नव्हती, म्हणून वहीत नावाच्या जागी रेघ होती. बाईचे नाव सुंदरबाई. टोळीसोबत निमाडातून जळगावला उतरून चोपड्याच्या गाडीत चढताना रेटारेटीत लेकीचा हात सुटला. मुलगी टपावर चढलेल्या पोरांसोबत असेल असे तिला वाटले. तापीच्या पुलावर गाडी थांबली तेव्हा कळले की ती नाही. परत येईस्तोवर पोलीस मुलीला घेऊन गेले होते. नवरा तिकडे गुजरातेत उसाच्या टोळीवर होता. चार आठवडे ही बाई सुटीच्या दिवशी चोपड्याहून येऊन स्टँडवर फेऱ्या घालत होती. अखेर एका फुलवालीने तिला निरीक्षणगृहाचे फाटक दाखवले.

अधीक्षक माणूस वाईट नव्हते. त्यांना एकच धास्ती होती. उद्या तिसरीच बाई येऊन पोर घेऊन गेली तर? म्हणून तिथली रीत अशी की ओळख पटेपर्यंत मुलीला आणि मागणाऱ्याला समोरासमोर आणायचे नाही, दोघांना वेगवेगळे विचारायचे. त्या दिवशी त्यांनी विचारायचे काम माझ्यावर सोपवले. कारण निमाडी आमच्या घरच्या मारवाडीला जवळची आणि मला ती बरीचशी समजे.

सुंदरबाईने मुलीचे नाव सांगितले, रेशम. गाव सांगितले, घागऱ्याचा रंग सांगितला. रकाना आला वडिलांच्या नावाचा.

"मुलीच्या बापाचं नाव?"

ती गप्प.

मी पुन्हा विचारले. तिने पदर आणखी पुढे ओढला आणि जमिनीकडे पाहत राहिली. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, हे लिहिताना आजही लाज वाटते. ती रडायला लागली, पण बोलली नाही. मी टोपण काढले आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिले : 'सदर महिला मुलीच्या वडिलांचे नाव सांगण्यास नकार देते. ओळख संशयास्पद.' खाली सही ठोकली. आपण एका लहान मुलीला धोक्यातून वाचवले, अशा समाधानात मी त्या दिवशी जेवलो.

गुरुवारी अक्का परतल्या आणि त्यांनी मंडळाच्या कचेरीत जाऊन कागद वाचला. तोवर अधीक्षकांनी तो मंडळाकडे पाठवला होता आणि त्याच्या आधारे मुलीला पुढच्या बैठकीत दूरच्या जिल्ह्यातल्या संस्थेत हलवण्याचे ठरत होते. बैठक सोमवारी होती. ज्या बाईला जळगावचे फाटक सापडायला चार आठवडे लागले, तिला ती दूरची संस्था या जन्मी सापडली नसती.

अक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी मला समोर बसवले.

"ललितभाऊ, तुमच्या आई तुमच्या वडिलांना काय म्हणून हाक मारतात?"

"सुणो हो."

"नाव?"

"नाव कशाला घेतील, मॅडम? आमच्यात…" माझ्या आईने आयुष्यात वडिलांचे नाव उच्चारलेले मी ऐकले नव्हते. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, शाळेत माझे नाव घालताना कोणी विचारले की ती माझ्या पाठीवर बोट टोचायची आणि मी नाव सांगायचो. पाच वर्षांचा असल्यापासून ते माझेच काम होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो असा. बाहेरची बाई म्हणून जिच्यावर मी शेरा मारला, ती माझ्या आईसारखीच बसली होती आणि मला दिसली नव्हती.

"मग आता तिला समजावू या का?" मी विचारले. "नुसतं एकदा म्हण म्हणावं. पोरीसाठी."

"आणि ती म्हणेलही," अक्का म्हणाल्या. "लेकीसाठी आई काय करणार नाही? पण घरच्या माणसाचं नाव आपण साहेबासमोर तोंडातून काढलं, हे ती जन्मभर उरात घेऊन फिरेल. पोर परत देताना तिच्याकडून काही काढून कशाला घ्यायचं? दुसरी वाट शोधा. तिच्या गावात, टोळीत तिचं काम आजवर अडलं नाही ना? मग तिथं नाव कोण सांगतं, ते बघून या. आणि पेन इथं ठेवून जा."

मी आणि माझी सहाध्यायी विजया पाटील शुक्रवारी सकाळच्या गाडीने चोपड्याला गेलो. विजया तिथलीच. या विजयाचे शिक्षण तिच्या घरचे बंद करायला निघाले होते, तेव्हा अक्का दोन दिवस तिच्या आबांच्या ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आबाच म्हणाले, "बाई, तुमी घर जा, पोर कॉलेजले यी." ती हकीकत विजयाताई या ग्रंथात स्वतः लिहीत आहेत, म्हणून मी थांबतो.

शेतावर टोळीचा मुकादम भेटला. विजयाने अहिराणीत विचारले. तो हसला.

"सुंदरबाई? कामले वाघीण शे, ताई, पन हाजरीले तिनं तोंड कधीच उघडत नही. बठ्ठ्या बाया लाईनमा उभ्या ऱ्हातीस ना, तवय तिनी पोर पुढे यीसन बापनं नाव सांगी दे. तेच नाव मी वहीमा लिखस."

"पोर बोलते?" मी विचारले. चार आठवडे आम्ही तिला मुकी समजत होतो.

"बोलस? मायवर कोनी दटाडं ना, ते ती पोर मालेबी ऐकाडस!" म्हणजे आईला कोणी दटावले तर ती मुकादमालाही सुनावत होती.

विजयाने त्याला समजावले आणि त्याने हजेरीवहीचे गेल्या हंगामातले पान काढून दिले. पान मी वाचले नाही. नाव कुठे लिहिलेले सापडले तर वाचायचे नाही, असे अक्कांनी निघताना बजावले होते. पाकिटात घालून चिकटवले आणि आणले.

सोमवारी मंडळापुढे अक्का उभ्या राहिल्या. पाकीट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "यात मुलीच्या वडिलांचं नाव आहे. मी ते पाहिलेलं नाही, माझ्या विद्यार्थ्यांनीही नाही. विनंती एवढीच की मायलेकींना एका खोलीत आणावं आणि जो प्रश्न आधी विचारला, तोच पुन्हा आईला विचारावा. उत्तर कोणी द्यायचं, ते त्यांना ठरवू द्यावं."

अध्यक्षांनी माझा कागद उचलला. "पण यात तर बाई नकार देते असं स्पष्ट लिहिलंय. कोणी लिहिलं हे?"

मी पुढे होणार, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "माझ्या गटाचा कागद आहे. चूक माझी. मी त्या दिवशी हजर नव्हते." त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

थोडी कुजबुज झाली. मुले कोणालाही बिलगतात, त्यावर कसे जायचे, असे एक सभासद म्हणाले. अध्यक्षांनी पाकिटाकडे पाहिले आणि परवानगी दिली. आधी सुंदरबाईला आणून बसवले. मग एका दाराने रेशम आली. ती धावली नाही. दारातच थबकली. समोर टेबल, टेबलामागे साहेब, आणि साहेबांपुढे पदर ओढून बसलेली तिची आई. अध्यक्षांनी मराठीत विचारले आणि मी निमाडीत सांगितले, "मुलीच्या बापाचं नाव काय?"

सुंदरबाई खाली पाहत राहिली. ती आता रडेल असे मला वाटले. तेवढ्यात ती पोर चालत आली, आईच्या पुढ्यात, तिच्या आणि टेबलाच्या मधे येऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"माय नी बोलऽ. हउं बोलूं. म्हारा बाप को नाव गेंदालाल छे."

आई बोलत नसते, मी बोलते. चार आठवड्यांत आम्ही ऐकलेले तिचे हे पहिले शब्द. अध्यक्षांनी पाकीट फाडले, पान बाहेर काढले, चष्मा लावला. मग चष्मा काढला आणि पान अधीक्षकांकडे सरकवले. अधीक्षकांनी मोठ्याने वाचले, "सुंदरबाई गेंदालाल."

मुलीने मागे हात करून आईचा पदर धरला होता. तो तिने कागदपत्रे पुरी होईपर्यंत सोडला नाही. मला कोपऱ्यात उभे राहून रडू येत होते आणि मी ते आवरले नाही.

पुढे त्या गृहातली रीत बदलली. बोली जाणणारे माणूस असल्याशिवाय जबाब घ्यायचा नाही आणि गप्प राहिलेल्या माणसाविषयी 'गप्प राहिली' एवढेच लिहायचे, असे अधीक्षकांनी स्वतःहून ठरवले. आमचा शनिवारचा गट पुढेही कित्येक वर्षे चालला, विद्यार्थी बदलत गेले. किती मुले घरी गेली, याचा हिशेब अक्कांनी ठेवला नाही आणि आम्हाला ठेवू दिला नाही. "जे पोर अजून आत आहे, त्याला तुमच्या आकड्याचं काय?" असे त्या म्हणत. दर बुद्धपौर्णिमेला मात्र त्या मोठे पातेलेभर खीर घेऊन गृहात जात. ती खीर त्यांच्या आई करीत, म्हणून चांगली असे.

मला सनद मिळाली त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. अक्कांनी कपाटातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. माझाच तो कागद. मंडळाच्या कागदपत्रांतून त्यांनी त्याची नक्कल मागून घेतली होती. 'नकार देते' या शब्दांखाली लाल रेघ आणि समासात त्यांच्या बारीक अक्षरात दोनच शब्द : 'विचारलं कोणी?' मी तो आजवर माझ्या धुळ्याच्या कार्यालयात टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. अशील समोर बसून गप्प झाले की माझी नजर तिथे जाते आणि मी पेन खाली ठेवतो.

त्या सोमवारनंतर मी दोंडाईच्याला गेलो आणि आईला सगळे सांगितले. विचारले, तू कधीच कसे नाव घेतले नाहीस? ती पोळी लाटता लाटता हसली. "तू बोलतो हो नी, फेर म्हनै कांई जरूरत ही?" तू बोलत होतास ना, मग मला काय गरज होती? वडील गेले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. परवा बँकेत तिला पुन्हा विचारले. तिने माझ्या पाठीत बोट टोचले. पंचावन्न वर्षांच्या वकिलाने पुढे होऊन बापाचे नाव सांगितले.

तर मंडळी, अक्कांच्या त्या गप्प बसण्याविषयी. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याला बोलता यावे म्हणून खोलीत जागा केली, त्या स्वतःविषयी बोलणार नाहीत, हे आपण समजून घ्यायला हवे होते. स्वतःचे नाव मोठेपणाने घ्यायचे नाही, ही त्यांची रीत आहे आणि ती मोडायला लावण्याचा आपल्याला काहीएक अधिकार नाही. अशा वेळी घरातल्या पोराने पुढे व्हायचे असते. ते मी केले आहे. यावर अक्कांची हरकत असल्यास त्यांनी रीतसर अर्ज द्यावा. सुनावणी त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी ठेवू. तोवर त्यांचे पाय चालते राहोत, नजर अशीच खिडकीबाहेरचे पाहणारी राहो, आणि झोळीत नव्या पोरांची पेने पडत राहोत.

कोणी विचारले की तुम्हाला वकिली कोणी शिकवली, तर अक्का गप्पच राहतील. मी बोलतो. त्यांचे नाव कौसल्या शिरसाठ.